कुलवृत्तान्तात न सापडणारा रोग

खासबागेतील एका जुन्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढण्याचे घाटत आहे. मोडी कागद वाचून देण्याच्या निमित्ताने त्या कामाला आमचाही थोडा हातभार लागतो. पहिली आवृत्ती चाळताना चौथ्या शाखेच्या एकाच पिढीत तीन नोंदी लागोपाठ दिसल्या : दोन भाऊ आणि धाकट्याची पत्नी. तिघांपुढे मजकूर एकच, ‘अल्पवयात निवर्तले’. जन्मसाल आहे, मुंजीचे आहे, लग्नाचे आहे; जमिनीच्या वाटणीचा तपशील तर अर्धे पान आहे. परंतु पंचविशीच्या आतबाहेरची तीन माणसे चार वर्षांच्या अवधीत का गेली, याविषयी अवाक्षर नाही. प्लेगाने गेलेल्यांपुढे ‘प्लेगाने’ असे स्वच्छ लिहिले आहे. पटकीने गेलेल्यांपुढे पटकी आहे. त्या घरातील नव्वदीला टेकलेल्या काकूंना आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘खोकल्यानं गेली की ती. त्यात आणि लिहायचं काय?’’

सारा जन्म सरकारी दप्तरात गेल्यामुळे भरलेल्या रकान्यापेक्षा रिकामा रकाना आमच्या डोळ्यांना आधी दिसतो. प्लेग सगळ्या गावाला एकदम येई, त्यात कुणा एका घराला खाली पाहण्याचे कारण नसे. क्षय एकेका घराला धरून बसतो, एकामागून एक माणूस नेतो आणि मागे राहिलेल्या मुलींची लग्ने अडवतो. म्हणून त्याची नोंद झाली नाही. या रोगाचा आपल्या भागातील इतिहास पाहू लागलो, तेव्हा पुन्हा पुन्हा याच न झालेल्या नोंदीशी येऊन थांबावे लागले.

पूर्वी असे नव्हते. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या पेशव्याच्या काळात मोहिमांबरोबर कृष्णा ओलांडून या मुलखात आले, तो थोरला माधवराव क्षयानेच गेला आणि ही गोष्ट कोणी लपवली नाही. हैदर अलीवरील कर्नाटकाच्या मोहिमेत प्रकृतीने दगा दिल्यामुळे १७७० मध्ये फौज त्रिंबकरावमामा पेठ्यांच्या हवाली करून त्यांना परतावे लागले. पुढची दोन वर्षे दुखणे वाढतच गेले. अखेर थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. पानिपतचा पराभवही मराठी राज्याला या मृत्यूहून अधिक घातक नव्हता, असा अभिप्राय ग्रँट डफने नोंदवला आहे. त्या काळच्या वैद्यांना रोग ओळखता येत होता, त्याचे नावही ठाऊक होते. चरकाने राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीबाहेरचे साहस, वेगांचे धारण, धातूंचा क्षय आणि विषम आहार. जंतूची कल्पना त्यात नाही, हे खरे. परंतु अतिश्रम आणि अपुरे अन्न ही दोन कारणे आजही खोडून काढता आलेली नाहीत, याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

रोग एकाकडून दुसऱ्याला होतो हे व्हिलमँ या फ्रेंच वैद्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून १८६५ मध्ये दाखवले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी रोगाचा जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. योगायोग असा की, ज्या दोन व्यक्तींमुळे हा विषय आपल्या दाराशी येतो त्या दोघांचाही जन्म १८६५ चा. एक आनंदीबाई जोशी आणि दुसरे डॉ. विल्यम वानलेस.

आनंदीबाईंची कथा मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु तिची तारीखवार जुळणी सहसा कोणी क्षयाच्या अंगाने करत नाही. कॉख यांच्या शोधानंतर एका वर्षाने, १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्या तेथे शिकत असतानाच शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात डॉ. ट्रूडो यांचे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम सुरू झाले होते. म्हणजे रोगाचे कारण सापडलेले होते, हवा आणि विश्रांती यांचा उपचार सुरू होत होता आणि औषध मात्र साठ वर्षे दूर होते. नेमक्या या मधल्या काळात ही मुलगी सापडली. कोल्हापूर दरबाराने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग तिच्या हवाली करण्याचे ठरवले होते. ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यात क्षयाने गेली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. निपाणी-चिकोडीच्या बायकांना बैलगाडीने गाठता येईल अशा गावी एक मराठी स्त्री डॉक्टर येणार होती आणि आली नाही. तिच्या जाण्याने आपल्या भागाचे किती नुकसान झाले, याचा हिशेब करण्याचे आम्हाला तरी आजवर सुचले नव्हते.

वानलेस कॅनडात जन्मलेले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. ते १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचे रुग्णालय उभे केले. त्यांचा लौकिक शस्त्रक्रियेचा. पण सांगली-मिरजेच्या दरम्यान, आज ज्या वस्तीला वानलेसवाडी म्हणतात तेथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभारले. या देशात असे पहिले आरोग्यधाम १९०६ मध्ये अजमेरजवळ तिलोनियाला निघाले होते. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये काढले. परंतु पाचगणी ही पैसेवाल्यांची. आपल्या लोकांची धाव मिरजेपर्यंत. बेळगावहून मीटरगेजची गाडी थेट जाई. घरातून एक वळकटी, एक ट्रंक आणि दुधाचा वेगळा पेला घेऊन माणूस निघे आणि शेजाऱ्यांना सांगितले जाई, ‘हवापालटाला गेलेत’. तेथे मोकळ्या व्हरांड्यात खाट, दूध, अंडी, माशाचे तेल आणि महिनोन्‌महिने पडून राहणे. कोणाच्या छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळून ते भरून येईल. कोणाच्या फासळ्या काढत. काही जण बरे होऊन येत, बरेच येत नसत. ज्याला सहा महिने खाटेवर पडून राहणे परवडते त्याच्यासाठीच हा उपचार होता, हे मात्र स्पष्ट आहे.

आमच्या घरी फडताळाच्या वरच्या कप्प्यात एक पितळी पेला कायम पालथा असे. तो आमच्या वडिलांच्या आत्याचा. त्या तरुणपणी मिरजेला राहून आल्या होत्या आणि बऱ्या होऊन पुढे कितीतरी वर्षे जगल्या. पेला मात्र शेवटपर्यंत वेगळाच राहिला. वास्तविक हा रोग भांड्यांतून पसरत नाही. रोगी खोकतो तेव्हा उडणारे अतिसूक्ष्म तुषार बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि त्याच हवेत श्वास घेणाऱ्याला तो होतो. आम्ही पेले वेगळे केले आणि खिडक्या बंद ठेवल्या. सगळीकडे असेच झाले असले पाहिजे.

खिडक्यांवरून खासबागेकडे यावे लागते. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा सलग पट्टा. बेळगाव इंग्रजी मुलखात आणि शहापूर सांगली संस्थानात, अशी १९४८ पर्यंतची स्थिती. पण मागांना ती हद्द ठाऊक नव्हती. विणकराचे घर म्हणजे माग आणि मागाभोवती उरलेली जागा. खड्ड्यात पाय सोडून माणूस बसणार, त्याच खोलीत बायका आणि मुले कांड्या भरणार, कोपऱ्यात चूल. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून जमीन ओलसर आणि झडपा लावलेल्या. सुताची बारीक धूळ, ओल, अंधार आणि एकाच्या खोकल्याची हवा सगळ्यांच्या वाट्याला. क्षयासाठी याहून सोयीची जागा मुद्दाम बांधूनही मिळाली नसती. शहापुरी साडीचे कौतुक आपण पुष्कळ केले आहे, ते रास्तच आहे. ज्या खोलीत ती विणली गेली त्या खोलीविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

निपाणीची गोष्ट थोडी निराळी. तेथे तंबाखूच्या वखारी. त्यांत तंबाखू कुटण्या-चाळण्याचे काम बायकांचे, आणि घरोघरी विड्या वळण्याचेही. तंबाखूची धूळ जंतू निर्माण करत नाही. परंतु रोज दहा तास ती छातीत घेणाऱ्या आणि अर्धपोटी राहणाऱ्या बाईला जंतूशी झुंजण्याचे बळ उरत नाही. दुसरी अडचण अशी की धुळीचा खोकला आणि क्षयाचा खोकला वरून सारखेच वाटतात. त्यामुळे कित्येकींचा क्षय ‘तंबाखूचा खोकला’ म्हणून अंगावर काढला गेला. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांनी या बायकांची संघटना बांधली आणि अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे या वखारींच्या आत काय चालते हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळले. आपण तर येथेच राहत होतो.

औषध आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसीन सापडले, नंतर पॅस आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. स्ट्रेप्टोमायसीनच्या इंजेक्शनांसाठी पाटल्या मोडल्याच्या गोष्टी जुन्या घरांतून अजून ऐकू येतात. तिन्ही औषधे मिळून रोग बरा होऊ लागला. मग प्रश्न असा उभा राहिला की लाखो रोगी आणि खाटा काही हजार; तर घरी ठेवून औषध दिले तर चालेल का? मद्रासमध्ये १९५६ पासून डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. निम्मे रोगी आरोग्यधामात सकस आहारावर, निम्मे आपल्या दाटीच्या घरी नेहमीच्या अन्नावर. औषधे दोघांना तीच. वर्षअखेर दोन्हींकडे जवळजवळ सारखेच रोगी बरे झाले आणि घरी ठेवलेल्यांच्या नातेवाइकांना रोग अधिक झाला असेही दिसले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली.

त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १९५६ च्या पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो होतो, त्याबद्दल आपली जी भावना आहे ती आहेच. परंतु या एका बाबतीत तरी आपण अशा राज्यात आलो होतो, की जेथे साऱ्या देशाच्या क्षयनियंत्रणाचा आराखडा तयार होत होता. (रोगाला दोन्ही भाषांत शब्दही एकच आहे, क्षय. त्याच्यावरून भांडण होण्याची सोय नाही.)

या संस्थेचे एक काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तोवर समजूत अशी होती की खेड्यातील अडाणी माणसाला खोकल्याचे काही वाटत नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत फिरून विचारपूस केली आणि १९६३ मध्ये जे प्रसिद्ध केले ते उलटे निघाले. क्षयाची लक्षणे असलेल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन वाटेला लावले गेले होते. रोगी चालत आला होता. बेडका तपासावा एवढे कोणाला वाटले नाही. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच विचारावर बेतला होता : क्ष-किरणाच्या गाडीमागे धावू नका, जो खोकत दारी आला आहे त्याचा बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. योजना कागदावर उत्तम होती. आम्ही नोकरीत होतो त्या काळात तिचे प्रत्यक्षातले रूप मात्र आम्हाला एवढेच दिसे की, दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास क्षयनिवारणाच्या टिकिटांचे गठ्ठे कार्यालयात येत आणि ती खपवण्याचा आकडा वरून ठरून येई. आम्हीही ती खपवली आहेत. उरलेली स्वतःच विकत घेऊन हिशेब बंद केला आहे. टिकिटांचा हिशेब चोख होता.

याच सुमाराची एक हकिगत सांगतो. आमच्या गल्लीतील एक विणकर खोकला घेऊन एका दवाखान्यात तीन खेपा गेला. तिन्ही वेळा लाल औषधाची बाटली मिळाली. चौथ्या खेपेला दुसरीकडे बेडका तपासला, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले आणि त्याने गोळ्या सोडल्या. हा दोष त्याच्या अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. औषधाने भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि रोग्याला बरे वाटते. सुस्त पडून राहिलेले जंतू मारायलाच पुढचे महिने लागतात. हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि गोळ्या आणायला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. तो आला नाही म्हणून कोणी त्याच्या घरीही गेले नाही. पुढे दोन वर्षांनी तो गेला. त्याच्या धाकट्या मुलाला नंतर तोच रोग निघाला.

ही गळती थांबवण्यासाठी १९९३ मध्ये सुधारित कार्यक्रम प्रयोगादाखल सुरू झाला, १९९७ पासून पसरला आणि मार्च २००६ पर्यंत साऱ्या देशात पोहोचला. त्यातली एक साधी युक्ती आमच्यासारख्या दप्तरी माणसाला फार आवडली. प्रत्येक रोग्याच्या नावाची औषधाची वेगळी पेटी, तीत पूर्ण उपचाराच्या गोळ्या आधीच भरलेल्या. साठा संपला हे कारण उरत नाही, आणि पेटीत गोळ्या शिल्लक दिसल्या की माणूस आला नाही हे लगेच कळते. गोळी कोणाच्या तरी समोर घ्यायची, रोगी चुकला की त्याच्या घरी जायचे. काहींना हा रोग्यावरचा अविश्वास वाटला आणि त्यात तथ्यही आहे. परंतु आमच्या गल्लीतील त्या विणकराच्या दारी असा कोणी गेला असता तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

खाजगी दवाखान्यांत जाणाऱ्यांची गणती मात्र कुठेच नव्हती. तऱ्हेतऱ्हेची औषधे कमीअधिक दिली गेली आणि त्यांना न जुमानणारे जंतू तयार झाले. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी अशा चार रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिचा देशभर गवगवा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक डॉक्टरने क्षयरोग्याची नोंद सरकारकडे केलीच पाहिजे असा आदेश निघाला. करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, नोंदी आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे पावपटीने घटल्या. रोग कमी झाला नव्हता, मोजणारे दुसऱ्या कामाला लागले होते.

आता आहाराचा मुद्दा. मद्रासच्या प्रयोगावरून सरकारने असा धडा घेतला की औषध असल्यावर अन्नाचे महत्त्व नाही. प्रयोगाने तेवढे सिद्ध केले नव्हते. औषधाने जंतू मरतात एवढेच त्यातून कळले होते. घरातील पुढच्या माणसाला रोग का होतो, हा प्रश्न वेगळा होता. मंगळूरच्या येनेपोया महाविद्यालयातील डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. ज्या घरांत हे धान्य गेले तेथे नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. चरकाचे ‘विषमाशन’ आणि मिरजेचे दूध-अंडी यांना साठ वर्षांनी पुन्हा न्याय मिळाला. रोग्याला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते एक हजार झाले. खासबागेतील यंत्रमागावरच्या माणसाला ही रक्कम किती पुरते, हे बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणालाही सांगता येईल.

२०२५ पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचे देशाचे उद्दिष्ट होते. ते वर्ष उलटून गेले. लाखामागे नव्या रोग्यांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते ते २०२४ मध्ये १८७ वर आले, ही उतरण खरीच आणि तिचे श्रेय द्यायला हवे. तरीही जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी एक या देशात आहे आणि वर्षाला सुमारे तीन लाख माणसे याने जातात.

कुलवृत्तान्ताच्या त्या तीन नोंदींविषयी आम्ही काकूंशी पुन्हा बोललो. ‘अल्पवयात क्षयाने निवर्तले’ असे लिहू या, आता त्यात लपवण्यासारखे काही नाही, एवढेच म्हणालो. दोन बैठकी गेल्या. अखेर दोन भावांपुढे तो शब्द घालायला त्यांनी होकार दिला. धाकट्याच्या पत्नीचे विचारले, तर बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, ‘‘तिचं नको. खोकला लागल्यावर तिला माहेरी पोहोचवली होती. तिकडंच गेली ती. तिचं आपल्याकडं कसं लिहिणार?’’ पुस्तक छपाईला जायला अजून दोन महिने आहेत. तिच्या माहेरच्यांचा ठावठिकाणा आम्ही शोधत आहोत.